पाठीवर सॅक, पायाखाली बेट

मुंबईत फिरणं स्वस्त, खाणं स्वस्त, झोपणं महाग. पाठीला सॅक लावून, मोजके पैसे घेऊन येणाऱ्याने एवढं पाठ केलं तरी निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी ही यादी. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेली बारा-तेरा वर्षं मुंबईला एकटी जाऊन येणाऱ्या बाईची ती आहे आणि तिच्यातल्या बहुतेक सूचना आधी चूक करून मग शिकलेल्या आहेत.

एक खुलासा आधीच. ही यादी मुंबई बेटाची आहे. ठाणे-डोंबिवलीची नाही आणि अंधेरी-बोरिवलीचीही नाही, ती साष्टी. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी मूळची सात बेटं. मधल्या खाड्या बुजवत बुजवत त्यांचं एक झालं. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने हे सगळं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. मुंबईत स्वस्तात जागा मिळाल्याची ती शेवटची नोंद. बेटाची हद्द आजही रस्त्यावर दिसते. माहीम आणि शीवच्या अलीकडे रिक्षा येत नाहीत. वांद्र्याचा रिक्षावाला "पुढे नाही जाणार" म्हणाला, की बेट सुरू झालं असं समजावं.

निघण्याआधी

करावं: नोव्हेंबर ते फेब्रुवारीत यावं. घाम कमी, समुद्र शांत, लाँच सुरू. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, तो फुकट असतो आणि त्याच दिवसांत दक्षिण मुंबईतल्या खाटांचे भाव चढलेले असतात. दोन्ही बाजू बघून तारीख ठरवावी.

करावं: सॅक चाळीस लिटरच्या आतली घ्यावी. तिला पुढून, पोटावर लावून बघावं. पुढून लावून चालता येत नसेल तर ती मुंबईसाठी मोठी आहे.

करावं: छोटं कुलूप न्यावं. सॅकला कुलूप कशाला, असं मलाही वाटलं होतं. स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये बिनकुलपाचं सामान घेत नाहीत. खिडकीतल्या माणसाने माझी सॅक फिरवून पाहिली, चेन ओढून पाहिली आणि नुसती मान हलवली. बाहेर जाऊन फुटपाथवरून कुलूप आणलं, दोन्ही चेनच्या कड्यांतून घातलं, तेव्हा पावती मिळाली. कुलपासोबत प्रवासाचं तिकीटही हातात असावं, तेही विचारतात.

करावं: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सोलापूरकरांना सांगायला नकोच. बाकीच्यांनी आपापल्या गावचं टिकाऊ काहीतरी घ्यावं. मुंबईत खायला कमी नाही, पण रात्री अकराला मुक्कामी पोचल्यावर पुन्हा खाली उतरायचा कंटाळा येतो.

टाळावं: सोमवारी घारापुरी, बुधवारी राणीची बाग. दोन्ही त्या त्या दिवशी बंद. माटुंग्याचं रामा नायक उपाहारगृहही सोमवारी बंद, म्हणजे सोमवार दुहेरी वाईट.

टाळावं: रविवारी दुपारी लांबचा लोकल प्रवास. मेगाब्लॉक असतो. रविवार चालण्यासाठी ठेवावा, त्याबद्दल पुढे.

उतरल्यावर

टाळावं: सकाळी आठ ते अकरात सॅकसकट लोकलमध्ये चढणं. रात्रीच्या गाड्या, मग सिद्धेश्वर असो, महालक्ष्मी असो की देवगिरी, नेमक्या गर्दीच्या तोंडावर पोचतात. सीएसएमटीला जायचं असेल तर त्याच गाडीत शेवटपर्यंत बसून राहावं. दादरला उतरून लोकलने लवकर पोचू, हा शहाणपणा एकदाच होतो.

करावं: दादरलाच मुक्काम असेल तर फलाटाचा नंबर पाटीवर वाचावा, कुणाला विचारू नये. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूचे फलाट ८ ते १४ झाले. जुना दादरकर अजून जुनाच नंबर सांगतो, तोही ठाम आवाजात.

करावं: आंघोळ स्टेशनवरच उरकावी. पैसे भरून वापरायची न्हाणीघरं मोठ्या स्टेशनांवर आहेत. खोली दुपारी मिळणार असते आणि सकाळचे पाच तास पारोशा अंगाने घालवण्यात अर्थ नाही.

करावं: मग बाहेर येऊन, रस्ता ओलांडून, वळून सीएसएमटी स्टेशनकडे बघावं. १८८८ ची ही इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. भिंतींवर दगडातले प्राणी आहेत, पानांच्या नक्षीत लपलेले. दहा मिनिटं उभं राहिलं की एकेक दिसायला लागतो. रोज इथून जाणाऱ्या लाखो माणसांपैकी वर बघणारे आपणच, आणि आपल्यासारखी पाठीवर सॅक असलेली दोन-चार माणसं.

झोप

टाळावं: डोंबिवलीच्या आत्याकडे उतरणं. प्रत्येक मराठी घराची एक आत्या, मावशी किंवा मामेभाऊ कल्याण-डोंबिवलीत असतोच, आणि "हॉटेलात कशाला, आपलं घर आहे ना" हे वाक्यही असतंच. प्रेम खरं असतं, अंतरही खरं असतं. डोंबिवलीहून सीएसएमटी जवळजवळ पन्नास किलोमीटर. जाऊन-येऊन अडीच तास, तेही उभ्याने. शिवाय सातच्या आत परत यावं लागतं, कारण आत्याने वरण लावलेलं असतं. खाटेचे पैसे वाचतात आणि सहल जाते.

करावं: सीएसएमटी, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल किंवा दादर, या चारपैकी एका स्टेशनापासून पायी जाता येईल अशी खाट शोधावी. खोली नव्हे, खाट. कुलाब्यातली जुनी वसतिगृहं, हॉस्टेलांमधल्या डॉर्मिटऱ्या, रेल्वेच्या विश्रांतीखोल्या आणि मुंबई सेंट्रल, सीएसएमटीला निघालेल्या पॉड खोल्या, हा शोधायचा साधारण क्रम. रेल्वेची खोली हवी असेल तर तिकिटावरचा पीएनआर लागतो आणि ती फार आधी भरते.

करावं: गिरगाव-भुलेश्वरच्या धर्मशाळांमध्ये चौकशी करावी, पण आशा ठेवू नये. बऱ्याचशा एखाद्या ज्ञातीच्या किंवा पंथाच्या असतात आणि एकट्या बाईला पाहून गादीवरच्या काकांना अचानक सगळ्या खोल्या भरल्याचं आठवतं.

करावं: पैसे देण्याआधी खाट बघावी, संडास बघावा, आणि रात्री दार किती वाजता लावतात ते विचारावं. पंखा सुरू करून बघावा. मुंबईत पंख्यावाचून झोप नाही, जानेवारीतही नाही.

टाळावं: एक रात्र मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर काढू, हा विचार. रात्री उशिरा पोलीस उठवतात. साधारण एक ते चार लोकल बंद असतात, तेव्हा जायचं कुठे?

लोकल

करावं: पर्यटकांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचा पास असतो, तो मागावा. मागावाच लागतो, आपणहून कुणी सांगत नाही. पश्चिम, मध्य आणि हार्बर तिन्ही मार्गांवर चालतो. पास नको असेल तरी जवळच्या अंतराचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून आहे. एवढ्या पैशात आपल्या गावात रिक्षावाला मीटरला हातही लावत नाही.

करावं: गर्दीच्या उलट दिशेने फिरावं. सकाळी गर्दी दक्षिणेला जाते, संध्याकाळी उत्तरेला. बेटाच्या दक्षिण टोकाला राहणारा माणूस सकाळी उत्तरेला निघाला तर खिडकी मिळते. दक्षिणेला मुक्काम करावा म्हणते त्याचं खरं कारण हे आहे.

करावं: डबा बघून चढावं. बायकांचा सेकंड आणि फर्स्ट क्लास बऱ्याचदा एकमेकांना चिकटून असतात, मध्ये नुसती जाळी. मी एकदा घाईत चुकीच्या दारातून चढले, गाद्या मऊ कशा काय, असा विचार करेपर्यंत तिकीट तपासनीस समोर. अडीचशे रुपये दंड, वर भाड्यातला फरक. दोन दिवसांचं जेवण गेलं. दाराशेजारचे तिरके पट्टे हीच फर्स्ट क्लासची खूण.

आता एक भाषेचा धडा. लोकलमध्ये "दादर?" हा एक शब्द प्रश्न म्हणून कानाशी आला, तर गाडी दादरला थांबते का असं कुणी विचारत नसतं. तुम्ही दादरला उतरणार का, नसाल तर मला पुढे जाऊ द्या, असा त्याचा अर्थ. मान हलवायची आणि अंग चोरायचं. बायकांच्या डब्यात आणखी एक सवाल असतो, बसलेल्या बाईला: "कुठे उतरणार?" तिने भायखळा सांगितलं की विचारणारीची जागा भायखळ्यापासून नक्की झाली. तिच्यानंतर विचारणारीला त्याच्या पुढची. हा हिशेब पाच-सहा जणींपर्यंत तोंडी चालतो, कुठेही लिहिलेला नसतो, आणि मोडणाऱ्याची खैर नसते. सॅकवाल्या पाहुणीने मध्येच रिकामी जागा दिसली म्हणून बसू नये. आधी विचारावं. विचारलं की त्याच बायका सरकून चौथी सीट देतात, तीन जणींच्या बाकावर, अर्ध्या मांडीची. कानातल्यांची पाटी घेऊन विक्रेती येते, तेव्हा डब्यातल्या निम्म्या जणी आपल्याला कुठलं शोभेल ते सांगायला लागतात.

टाळावं: संध्याकाळी वांद्र्याला उतरायचं असताना विरार लोकलमध्ये चढणं. चढता येईल. उतरता येणार नाही.

टाळावं: सॅक पाठीवर ठेवून उभं राहणं. पोटावर घ्यावी नाहीतर वरच्या फळीवर टाकावी.

मेट्रोबद्दल थोडक्यात: ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड भुयारी मार्ग पूर्ण सुरू आहे. गार आहे, वेळेवर आहे. उन्हाच्या दुपारी किंवा पावसात जरूर घ्यावी. एरवी नको, सबंध बेट डोक्यावरून निघून जातं आणि दिसतो तो काचेत आपलाच चेहरा.

बस आणि पाय

करावं: बेस्टची बस. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं पाचावरून दहा झालं, मुंबईकर अजून चिडलेला आहे, आपल्याला तरीही स्वस्त. जुन्या लाल डबलडेकर २०२३ मध्ये गेल्या. आता वातानुकूलित, विजेवरच्या आहेत. सीएसएमटीच्या बाजूने नरिमन पॉइंटकडे जाणारी मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडावी. सहलीतलं सगळ्यात स्वस्त गच्चीचं तिकीट.

करावं: रविवारी सकाळी सातला फोर्टमध्ये चालावं. आठवड्याचे सहा दिवस इथे फुटपाथ दिसत नाही. एशियाटिकच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कल, फ्लोरा फाउंटन, काळा घोडा, तिथून गेटवे; रमतगमत दोन तास.

करावं: ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे बघावं. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, उच्च न्यायालय, टोकदार कमानी, काळपट दगड. पश्चिमेला १९३०-४० च्या दशकांतल्या गोल कोपऱ्यांच्या, जहाजासारख्या गच्च्यांच्या इमारती. दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. मैदानात क्रिकेटचे आठ-दहा सामने एकमेकांत घुसून चाललेले असतात, चेंडू सांभाळावा.

करावं: बाणगंगा. वाळकेश्वरच्या उंच इमारतींच्या मागून पायऱ्या उतरून गेलं की एकदम गावातला तलाव लागतो. शिलाहारांच्या काळापासूनचं कुंड, आजचं बांधकाम रामा कामतींनी १७१५ मध्ये करवून घेतलेलं. समुद्र इतका जवळ की भरतीला आवाज येतो, आणि कुंडातलं पाणी गोडं. बदकं, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या, कुणाचं तरी पिंडदान, गच्चीवर अभ्यास करणारा मुलगा. इथे तासभर नुसतं बसावं. पायऱ्यांवर शेवाळ असतं तिथे खाली उतरू नये.

करावं: गावदेवीचं मणिभवन, काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी. फुकट. दुपारी ऊन चढलं की आत जावं.

करावं: धोबीघाट महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावरून बघावा. तिथून दिसतो तेवढा पुरे.

टाळावं: धारावीत किंवा कोळीवाड्यात लोकांच्या दारातून फोटो काढणं. कुंभारवाड्यात जावं, पणती घ्यावी, गप्पा माराव्यात. पण माणसं आंघोळ करताहेत, पोळ्या लाटताहेत, ते त्यांचं घर आहे. आपल्या ओट्यावर कुणी असा मोबाइल धरला असता तर आपण काय केलं असतं?

टाळावं: ६ डिसेंबरच्या आसपास दादरला 'फिरायला' जाणं. चैत्यभूमीला जायचं असेल तर अभिवादनाला जावं, रांगेत उभं राहावं. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे सॅकमधली जागा संपते. नुसतं बघायला जाऊन गर्दीत भर घालू नये.

भरती

बेटावर येऊन समुद्राचं वेळापत्रक न बघणं ही माझी सगळ्यात मोठी चूक. एका अमावास्येला सकाळी साडेदहाला हाजी अलीला गेले. दर्गा समुद्रात आहे, किनाऱ्यापासून तिथवर बुटकी वाट. आत छान वारा, कव्वाली, संगमरवरावर बसलेली कुटुंबं. बाहेर आले तर वाट नाही. पाणी. दोन-अडीच तास तिथेच. पोटात काही नाही, बाटलीत पाणी नाही, आणि शेजारच्या आजी शांतपणे डबा उघडून जेवताहेत. त्यांना सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी वरळी कोळीवाड्यात बोंबील वाळत घालणाऱ्या एका मावशींना हे सांगितलं. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "तिथी कुठली होती?" मला अमावास्याही ठाऊक नव्हती. "मग दर्यावर आलीस कशाला?" आणि मग हिशेब सांगितला, जो कोकणात आणि कोळीवाड्यांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे.

करावं: तिथीची पाऊणपट काढावी. आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरून सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. पहिल्या खेपेची वेळ ती आणि दुसऱ्या खेपेचीही साधारण तीच, कारण भरती दिवसातून दोनदा. ओहोटी मध्ये, सहा तासांनी. अर्धा तास इकडेतिकडे धरावा. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, पण रेंज गेली तरी तिथी जात नाही.

करावं: हाजी अली ओहोटीला. शिवडीचे रोहित पक्षी मात्र भरतीच्या आधी दोनेक तास बघावेत. पूर्ण ओहोटीला ते दूर चिखलात गुलाबी ठिपक्यांसारखे. पाणी चढू लागलं की काठाकडे सरकत येतात. हिवाळा ते मे, शिवडी स्टेशनहून पूर्वेला जेट्टीपर्यंत. रस्त्यावर अवजड ट्रक असतात, कडेने चालावं.

टाळावं: पावसाळ्यात मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर चढणं आणि एरवीही टेट्रापॉडवर उतरणं. लाट समोरून येते तेवढी दिसते, फटीतून वर येणारी दिसत नाही.

लाँच

करावं: घारापुरी. गेटवेहून तासाभराचा प्रवास. सकाळची पहिली किंवा दुसरी लाँच घ्यावी. अकरानंतर त्रिमूर्तीसमोर शाळांच्या सहली असतात. माकडांपासून खाऊ लपवावा. लाइफ जॅकेट घालावं आणि बांधावं. १८ डिसेंबर २०२४ ला इथे जाणाऱ्या लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, माणसं बुडाली. जॅकेटात फोटो वाईट येतो ही तक्रार त्या दिवसानंतर तरी करू नये. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी.

करावं: आणि मग भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी जाऊन दगडी हत्ती बघावा. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते याच्यामुळे. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो तुटला आणि तुकडे जोडून इथे उभा केला. बेटाचं नाव एकीकडे, हत्ती दुसरीकडे.

करावं: भाऊच्या धक्क्याहून मोरा. ही माझी आवडती सहल. परदेशी पर्यटकांच्या यादीत ती नाही, म्हणून भाव वाढलेले नाहीत. लाँचमध्ये उरणच्या मावश्या, रिकाम्या टोपल्या, एखादी सायकल, डिझेलचा वास. सुटताना मासळीच्या होड्यांच्या रांगेतून वाट काढत ती निघते. पाण्यातून बघितल्यावर कळतं की मुंबई खरोखरच बेट आहे, डावीकडे क्रेन, उजवीकडे जहाजं आणि मागे इमारतींची कवळी. मोऱ्याला उतरून रिक्षाने उरण. परतीला लाँच नको. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली आहे. पाण्याने जावं, रुळावरून यावं.

टाळावं: जून ते सप्टेंबर लाँचच्या भरवशावर बेत आखणं. दर्या खवळला की बंद.

टाळावं: १ जून ते ३१ जुलै ससून डॉकला पहाटे उठून जाणं. मासेमारी बंद असते. एरवी पाचला पोचावं, जुनी चप्पल घालावी, आणि टोपली घेऊन धावणाऱ्या बाईच्या वाटेत फोटोसाठी उभं राहू नये. ती थांबणार नाही, तिचा शब्दही थांबणार नाही.

पोट

करावं: सकाळी इराणी, दुपारी खानावळ, संध्याकाळी गाडी. हा क्रम ठेवला तर दिवसाचा खर्च आटोक्यात राहतो. धोबीतलावचं कयानी १९०४ पासूनचं. ब्रून मस्का चहात बुडवून खावा, नुसता चावला तर टाळू सोलते. दुपारी माटुंग्याला रामा नायककडे केळीच्या पानावर जेवावं, १९४२ पासून तेच चालू आहे. रांग असते, टोकन घेऊन बसावं.

करावं: लालबाग-परळमध्ये मालवणी खानावळ शोधावी. गिरणगावात गावाहून एकटे आलेले कामगार महिन्याच्या हिशेबाने बायकांच्या घरी जेवत, तिथून या खानावळी आल्या. त्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये संघटित केलं, तेच अन्नपूर्णा महिला मंडळ. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, काही चुली राहिल्या. ताटात बांगडा, सोलकढी, भात. आदल्या दिवशीचं कालवण उरलं असेल तर तेच मागावं, मुरलेलं असतं.

करावं: वडापाव जिथे तळतानाच संपतो तिथे खावा. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी तो सुरू केला असं सांगतात. आज प्रत्येक मुंबईकराचा खरा वडापाव वेगळ्या गाडीवर असतो. वाद घालू नये, सगळ्या गाड्यांवर खावा.

टाळावं: गेटवे आणि चौपाटीवर भाव न विचारता खाणं. गोळा, भेळ, फोटो, बग्गी, सगळ्याचा भाव आधी.

टाळावं: बाटलीबंद पाणी विकत घेत सुटणं. मुक्कामावर भरून घ्यावी, स्टेशनवर भरावी.

बायकांसाठी एकच: संडास दिसला की जावं, गरज असो-नसो. संग्रहालयं, मोठी स्टेशनं, मॉल, ही तीन खात्रीची ठिकाणं. पुढचा चांगला कधी लागेल ते मुंबईही सांगू शकत नाही.

पाऊस आणि गणपती

जुलैत आलातच तर एक दिवस वाया जाणार हे धरून चालावं. हिंदमाता, शीव, कुर्ला इथे पाणी भरलं की बेट पुन्हा बेट होतं. अशा वेळी लोकल बंद पडली तर रुळांवर उतरू नये. आहे तिथे चहा प्यावा, थांबावं. मुंबईकर उगाच शूर वाटतो, खरा तो २६ जुलै २००५ च्या पुरापासून सावध आहे.

गणपतीत यावं, पण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचं सकाळचं तिकीट काढू नये. रात्रभर विसर्जन बघितल्यावर गाडी चुकते. माझी चुकली.

परत जाताना

करावं: रात्रीच्या गाडीला सीएसएमटीहून चढावं. दादरला गाडी जेमतेम थांबते आणि समोर लोकलची गर्दी असते.

करावं: क्लोकरूमची पावती पाकिटात नाही, सॅकमध्ये तर मुळीच नाही, खिशात ठेवावी. सॅक आत आणि पावती सॅकमध्ये, हेही एकदा झालेलं आहे.

करावं: आत्याला फोन करावा. पण गाडीने कल्याण सोडल्यावर.